मरणाचं नाणं घरात ठेवावं का?

प्रश्न : माझ्या आजेसासऱ्यांचं इतवारीत चांदीच्या मोडीचं काम होतं. त्यांची पत्र्याची पेटी गेल्या महिन्यात माळ्यावरून उतरवली, तर तळाशी कडी तुटलेलं एक मोठं चांदीचं नाणं निघालं. अडीच तोळ्यांना गुंजभर कमी भरलं. एका बाजूला दाढीवाला माणूस. दुसऱ्या बाजूला कवटी, शेजारी वाळूचं घड्याळ, आणि कवटीच्या मागून वर आलेली एक डहाळी. भोवती इंग्रजीसारखी अक्षरं आहेत, पण शब्द इंग्रजी नाहीत. सासूबाई म्हणतात, तिरडीवरून उधळलेला पैसा कोणी घरात आणत नाही, आणि हे तर मढ्याचंच नाणं. आधी बाहेर काढ. दीर म्हणतात, आटवून निरांजन करून टाकू. फोटो पाठवते आहे. हे काय आहे, आणि घरात ठेवावं का? (एक वाचक, महाल, नागपूर)

उत्तर : ताई, सर्वांत आधी हे सांगते की आटवू नका. निरांजनापुरती चांदी इतवारीत केव्हाही मिळेल, हे नाणं परत मिळायचं नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अक्षर न वाचता त्यांनी जे ओळखलं ते बरोबर आहे. हे मरणाचंच नाणं आहे. जर्मन मुलखात राजा, ड्यूक किंवा त्यांच्या घरातलं कोणी वारलं की टांकसाळीत त्या मृत्यूचं नाणं पाडायची रीत होती, आणि सतराव्या शतकात ती अगदी भरात होती. मोठ्या नाण्याला तिकडे टालर म्हणत. बोहेमियातल्या योआखिम्स्टाल या चांदीच्या खाणीच्या गावावरून ते नाव पडलं आणि फिरत फिरत त्याचंच पुढे डॉलर झालं. मृत्यूच्या नाण्याला ते श्टेर्बेटालर म्हणतात, म्हणजे सरळ सरळ ‘मरणाचा टालर’. आपण जे नाव घ्यायला कचरतो ते त्यांनी नाण्यालाच दिलं.

तुमच्या नाण्यावर ज्याचं नाव होतं ती अक्षरं कडी डाखताना घासली गेली आहेत. पण फोटो मोठा करून मी रात्री दिव्याखाली बराच वेळ बसले, तेव्हा तीन शब्द लागले : नाटुस, ओबिइट, एटाटिस. लॅटिन आहे. जन्मला, वारला, वयाच्या. या नाण्यांचा हा ठरलेला मजकूर. कधी जन्मला, कधी गादीवर बसला, कधी गेला, आणि किती जगला. वय नुसतं वर्षांत देऊन त्यांचं समाधान होत नसे. इतकी वर्षं, इतके महिने, इतके दिवस असं मोजून लिहीत. मला या मोजणीत फार माया दिसते. घरातलं माणूस गेल्यावर आपणही तसंच बोलतो की, ‘पंचाहत्तरी व्हायला बावीस दिवस राहिले होते हो.’

तारखेबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण त्यावरून पुष्कळ संग्राहक फसतात. त्या काळी जर्मन मुलखात दोन दिनदर्शिका चालत. कॅथलिक राज्यांनी नवी ग्रेगोरियन धरली होती, प्रॉटेस्टंट राज्यं १७०० सालापर्यंत जुन्या ज्युलियनलाच धरून होती. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर होतं. स्वीडनचा राजा गुस्टाव अडॉल्फ जर्मनीतल्या ल्युट्झेनच्या लढाईत पडला तो जुन्या मोजणीने ६ नोव्हेंबर १६३२ला, नव्या मोजणीने १६ला. तारीख जुळत नाही म्हणून नाणं खोटं, असा निकाल घाईने देऊ नये. आपल्याकडे अमान्त आणि पूर्णिमान्त महिन्यांचा घोळ होतो, तशातलंच हे.

आता कवटीकडे येऊ. घरातल्यांना भीती तिचीच आहे.

वाळूचं घड्याळ, कवटी, विझलेली मेणबत्ती, उलटी धरलेली मशाल, विळ्यासारखं मोठं कोयतं, उन्मळलेलं झाड, मावळता सूर्य ही त्या काळची सगळ्यांना पाठ असलेली चिन्हं होती. चर्चच्या भिंतीवर, थडग्यावर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर तीच दिसत. निरक्षर शेतकऱ्याच्या हाती नाणं पडलं तरी त्याला ते वाचता यावं, अशी ती सोय होती. पण या चिन्हांची जोडी असते. एकटी कवटी क्वचित येते. तिच्यासोबत दुसरं काहीतरी ठेवलेलं असतं, आणि नाणं पाडणाऱ्याला जे म्हणायचं असतं ते त्या दुसऱ्या चिन्हात असतं. ढगातून आलेला हात मुकुट धरून असेल, तर तो बायबलातल्या वचनाचा मुकुट : ‘मरेपर्यंत विश्वासू राहा, मी तुला जीवनाचा मुकुट देईन.’ शेपूट तोंडात धरलेला साप असेल, तर अनंतकाळ. हाडांमधून धान्याची कणसं वर आली असतील, तर पुन्हा उगवण्याची आशा. बी मातीत गेल्याशिवाय कणीस येत नाही. तुमच्या नाण्यावर डहाळी आहे. कडी डाखताना नाव घासलं गेलं तरी ती डहाळी वाचली, हे आपलं भाग्य.

डहाळीचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. एक धर्माचा : देह सुकला, जीव हिरवा आहे. दुसरा अर्थ सांगण्याआधी तुम्हीच एक विचार करा. हे नाणं पाडलं कोणी? ज्याचा चेहरा आहे तो तर गेला. टांकसाळ आता त्याच्या मुलाच्या, भावाच्या किंवा पुतण्याच्या ताब्यात. साच्यावर काय कोरायचं ते तो ठरवतो. म्हणजे मरणाचं नाणं हे नेहमी मागे राहिलेल्याचं बोलणं असतं. ‘वडील गेले, खोड वाळलं, पण फांदी फुटलेली आहे, गादी रिकामी नाही’ हे तो प्रजेला, सैन्याला आणि शेजारच्या राजांना सांगत असतो. सॅक्सनी या जर्मन राज्यात योहान गेओर्ग तिसरा सप्टेंबर १६९१मध्ये वारला आणि त्याचा मुलगा योहान गेओर्ग चौथा एप्रिल १६९४मध्ये देवी येऊन गेला. तीन वर्षांच्या आत एकाच टांकसाळीला दोनदा मरणाची नाणी पाडावी लागली. अशा वेळी लोकांच्या मनात पहिला प्रश्न काय येत असेल, ते सांगायला नको.

या दुसऱ्या अर्थाचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चटका लावणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. राजाशिवाय इंग्लंडचा कारभार चालवणारा ऑलिव्हर क्रॉमवेल ३ सप्टेंबर १६५८ला वारला. त्याच्या मृत्यूचं पदक थॉमस सायमन या टांकसाळीच्या कसबी कारागिराने केलं. एका बाजूला क्रॉमवेलचा चेहरा, दुसऱ्या बाजूला एक ऑलिव्हचं मेलेलं खोड, आणि त्याच्या शेजारी ताठ उभं राहिलेलं कोवळं ऑलिव्हचं झाड. मागे मेंढपाळ आणि मेंढरं निवांत. भोवती लॅटिनमध्ये लिहिलंय की ऑलिव्हची कमी पडणार नाही. ऑलिव्हर आणि ऑलिव्ह, नावावरची ही कोटी आहे. आणि कोवळं झाड म्हणजे मुलगा रिचर्ड. पदक नाण्याएवढंही नाही, पण त्या रोपाची पानं वेगळी मोजता येतात इतकं काम बारीक. त्या रोपाने नऊ महिनेही धरले नाहीत. मे १६५९मध्ये रिचर्ड पायउतार झाला, १६६०मध्ये राजा परत आला, आणि जानेवारी १६६१मध्ये क्रॉमवेलचं प्रेत उकरून फाशी दिलं गेलं. धातूवरचं झाड मात्र आजही हिरवंच.

गुस्टाव अडॉल्फची गोष्ट याच्या उलट. धुक्यात लढताना राजा पडला, तेव्हा घरी एकच मुलगी, क्रिस्टिना, वय सहाही पूर्ण नाही. फांदी दाखवावी तर ती इतकी कोवळी! सेबास्टियन डाडलर या पदककाराने १६३४मध्ये जे मोठं पदक केलं त्यात वारस नाहीच. रणांगणावर चिलखतातला राजा आडवा पडलाय, आणि देवदूत त्याचा जीव वर नेताहेत. वरून शब्द येतात, ‘शाबास, विश्वासू सेवका.’ दुसऱ्या बाजूला विजयाचा रथ, आणि मजकूर असा की जगण्यात आणि मरण्यातही विजय माझाच. सैन्य परमुलखात अडकलेलं, लढाई चालू, आणि राजा नाही. अशा वेळी मेलेल्या राजालाच पुढे उभं करावं लागलं. पदक हातात घेतलेल्या शिपायाला त्यातून काय बळ मिळालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

आणि मग नागपूरकर म्हणून माझं मन इथे, महालातच येऊन थांबतं. तुमच्या घरापासून जवळच. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ला गेले. पोटी मुलगा नव्हता. कंपनी सरकारने वारस मानला नाही, आणि १८५४मध्ये राज्य खालसा झालं. वाड्यातले जडजवाहीर, हत्ती, घोडे लिलावात गेले. त्या मृत्यूचं नाणं कोणी पाडणार? पाडायचं तर ‘फांदी फुटलेली आहे’ असं म्हणणारा कोणीतरी गादीवर हवा. जर्मन संस्थानिकाच्या चांदीवरची ती डहाळी किती मोलाची होती, हे मला गव्हर्नर-जनरल डलहौसीचा राज्य खालसा करण्याचा तो निर्णय शिकवताना कळलं. एकवीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी त्या पानावर आल्यावर वर्ग शांत व्हायचा. मुलं महालातून, शुक्रवारीतून आलेली असायची. भोसल्यांच्या छत्र्या त्यांच्या रोजच्या वाटेवर होत्या.

आपल्याकडे राजाच्या मरणाची आठवण धातूवर नाही, दगडात ठेवली. समाधी, छत्री, वृंदावन. तिथे दिवा लागतो. आणि दिव्यावरूनच सासूबाईंना सांगावंसं वाटतं. त्यांच्या नाण्यांवर मेणबत्ती विझलेली असते. आपण माणूस गेलं की त्या जागी दिवा लावतो आणि दहा दिवस तेल घालत बसतो. माझे वडील गेले तेव्हा आत्याने दिव्याखाली ताटभर पीठ पसरलं, बोटांनी सारखं केलं आणि वर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलली. पिठात तीन रेघा उमटल्या होत्या, पाखराच्या पायासारख्या. आत्या म्हणाली, ‘दादा पाखरू झाला.’ वारा होता की मुंगळा, ते विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. ग्रीक लोक जीवाला आणि फुलपाखराला एकच शब्द वापरत, म्हणून युरोपात मृत्यूच्या चित्रांत फुलपाखरू येतं, हे मी नंतर वाचलं तेव्हा मला ते पीठ आठवलं. विझलेल्या मेणबत्तीजवळ त्यांनी डहाळी ठेवली, लावलेल्या दिव्याजवळ आपण पीठ पसरलं. दोघंही एकच गोष्ट शोधत होते.

तेव्हा सासूबाईंना म्हणा, तिरडीवरून उधळलेला पैसा आपण उचलत नाही, तो गेलेल्याचा असतो. हे नाणं मागे राहिलेल्यांचं आहे, आणि वाटण्यासाठीच पाडलेलं आहे. तुमच्या आजेसासऱ्यांसमोर कितीतरी मोड भट्टीत गेली असेल. ही एक वस्तू त्यांनी कडी तुटलेली असूनही बाजूला काढून ठेवली. देवघरात ठेवायला त्या नाही म्हणाल्या तर आग्रह धरू नका. कागदाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवा. पीव्हीसीच्या मऊ प्लास्टिकच्या खिशात नको, त्याने चांदीवर हिरवा चिकट थर चढतो. रांगोळी, दंतमंजन, पितांबरी काहीही लावू नका. काळवंडलंय ते तसंच राहू द्या, अक्षरं त्या काळेपणातच उठून दिसतात. आणि दिरांना सांगा, शंभर वर्षांवरचं नाणं आपल्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, बाहेरदेशी विकायला पाठवता येत नाही. कडेचा एक फोटो हवा आहे, नाणं उभं धरून. कडी जिथे डाखली होती तिथून डावीकडे दोन-तीन अक्षरं उरली असतील तर नावाचा शेवट लागेल.

प्रश्न : अशी मृत्यूची नाणी खरंच बाजारात चालत, की ती नुसती आठवणीची पदकं? (एक वाचक, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : टालर चालत असे. पदक चालत नसे. क्रॉमवेलचं आणि डाडलरचं जे वर सांगितलं ती पदकं; नाण्याचं माप त्यांना लागू नव्हतं. पण श्टेर्बेटालर हा जर्मन राज्यं ज्या साम्राज्यात होती त्याने १५६६मध्ये ठरवलेल्या मापाने पाडलेला असे. कोलोनचा एक मार्क, म्हणजे साधारण २३४ ग्रॅम शुद्ध चांदी, त्यातून नऊ टालर. एकात २६ ग्रॅमच्या आसपास शुद्ध चांदी, भेसळीसकट वजन २९ ग्रॅमच्या थोडं वर. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून महालातल्या ताईंचं नाणं अडीच तोळ्यांच्या जवळ भरलं. वजनाचा आकडा वाचल्याबरोबर मी पत्र बाजूला काढलं होतं. नक्कल करणारे चेहरा हुबेहूब आणतात, वजनात सापडतात.

टालर दरबारी पाहुण्यांसाठी. सामान्यांसाठी ग्रोशन नावाचं लहान नाणं त्याच मजकुराचं पाडत आणि अंत्यविधीच्या वेळी वाटत. लहान नाण्यावर चित्राला जागा नसते, म्हणून त्यावर बहुधा नुसत्या ओळी असतात : नाव, जन्म, मृत्यू, वय. तुमच्याकडे कधी असं ओळींनीच भरलेलं लहान चांदीचं नाणं आलं, तर ते साधं समजून देऊ नका. ज्यांना ते मिळालं त्यातल्या बहुतेकांनी ते भाकरीत खर्च केलं. उरलेली थोडी.

प्रश्न : भारतात राजाच्या मृत्यूचं असं नाणं निघालं आहे का? मी अकरावीत आहे. आजीकडे जुनी तांब्याची नाणी आहेत. (एक विद्यार्थिनी, कामठी)

उत्तर : आपल्याकडची रीत निराळी होती. जुना राजा गेला हे नव्या राजाच्या नावाचा सिक्का पडला की कळायचं. गेलेल्याचं नाणं पाडायचं कारण नव्हतं. उलट पुष्कळदा नावच बदलत नसत. आपल्या भोसल्यांच्या रुपयांवर भोसल्यांचं नाव नाही, दिल्लीच्या बादशहाचं आहे.

स्वतंत्र भारतात मात्र अशी नाणी निघाली. जवाहरलाल नेहरू मे १९६४मध्ये गेले, आणि त्याच वर्षी त्यांच्या चेहऱ्याचा रुपया आणि पन्नास पैसे आले. भारताचं ते पहिलं स्मारक नाणं. इंदिरा गांधींचं १९८५मध्ये आलं. नेहरूंचा रुपया निकेलचा आहे आणि घरोघरच्या डब्यात अजून सापडतो. तो हातात घेऊन बघ. कवटी नाही, दिवा नाही, झाड नाही. चेहऱ्याखाली दोन सालं, १८८९ आणि १९६४, आणि मध्ये एक आडवी रेघ. जर्मन नाण्यावर चार ओळींत जे लिहीत ते सगळं त्या रेघेत आहे. पालटून बघ, मागे अशोकाचे सिंह. फांदीच्या जागी इथे प्रजासत्ताकाचं चिन्ह आहे, वारस म्हणून कोणा एकाचं चित्र नाही. मला हे फार योग्य वाटतं.

आणि आजीच्या तांब्याच्या नाण्यांत शिवराई असू शकते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. महाराज ३ एप्रिल १६८०ला गेले. त्याच वर्षी २२ ऑगस्टला सॅक्सनीचा योहान गेओर्ग दुसरा वारला, आणि तिथे रिवाजाप्रमाणे मरणाची नाणी पाडली गेली. आपल्याकडे मरणाचं नाणं निघालं नाही. महाराजांच्या नावाची शिवराई पुढे पाडतच राहिले, पेशवाईतसुद्धा, शंभर वर्षांहून अधिक. लोक त्याच नाण्याने मीठ-मिरची घेत राहिले. मृत्यूची तारीख नाण्यावर कुठेच नाही, कारण नाव थांबलंच नाही. नंतरच्या शिवराया ओळखायच्या तर अक्षरांकडे बघ. ती बेढब, तुटक होत जातात, कधी अर्धीच साच्यात येतात. पाडणाऱ्याला वाचता येत नसेल कदाचित, पण काय पाडायचं ते पक्कं ठाऊक होतं.

मी तुझ्याहून लहान, अकरा वर्षांची होते तेव्हा वडिलांनी मला एक चांगली शिवराई दिली होती. लखलखीत करावी म्हणून मी ती चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवली. सकाळी ती गुलाबी झाली होती आणि ‘श्री राजा’च्या खालची ओळ गेली होती. वडील रागावले नाहीत, फक्त ती बोटांनी चाचपत बसले. अजून माझ्याकडे आहे. आजीची नाणी काढशील तेव्हा कोरड्या मऊ फडक्याशिवाय काहीही लावू नकोस, आणि तिने देव घासायची चिंच आणलीच तर नाणी आधी उचलून ठेव.